‘बाबा घरीच असतात का?’



या वेळी मेतकुटाबद्दल लिहीन असं मी कबूल केलं होतं. डाळी भाजूनही ठेवल्या आहेत. पण गेले काही महिने एक गोष्ट मनात खदखदते आहे, ती बाहेर काढल्याशिवाय माझ्या मेतकुटाला चव यायची नाही. रागाने लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते. चार कषायांत पहिला क्रोध, हे मला ठाऊक आहे. त्याचं प्रतिक्रमण माझं मी करीन.

माझा धाकटा पुण्याला एका कंपनीत अकरा वर्षं होता. जानेवारीत एका सोमवारी सकाळी साडेदहाला त्याला मीटिंगला बोलावलं आणि अकराला लॅपटॉप काढून घेतला. चार महिने त्याने पुण्यात राहूनच शोधाशोध केली. मग घरभाडं झेपेना, तेव्हा मे महिन्यात बिऱ्हाड इकडे सांगलीला आणलं. ‘आमच्या घरी’ असं मी म्हणणार नाही, कारण घर त्याचंही आहे. नातू तिसरीत. त्याला इथल्या एका इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. शाळेचं नाव लिहीत नाही. विचारू नका.

आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरणं चाललं होतं. ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आला आणि पोराचं पेन थांबलं. मी पटकन म्हटलं, “बिझनेस लिही. आपलं दुकान आहेच की.” आमच्या ह्यांचं भांड्यांचं दुकान होतं, तीन वर्षांपूर्वी ते भाड्याने दिलं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “आई, दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.” आणि त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सध्या नोकरी नाही, शोध चालू आहे.’ सूनबाईने तिच्या रकान्यात लिहिलं, ‘गृहिणी’. सत्य अणुव्रतावर मी इथे दोन लेख लिहिले आहेत, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ते पुढे पाठवले. त्या रात्री व्रत कोणी पाळलं आणि कोण मोडायला निघालं होतं, ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले, कारण पत्त्याच्या पुराव्याला ह्यांच्या नावाचं लाइट बिल लागत होतं. ऑफिसमधल्या मॅडमनी फॉर्म वाचायला घेतला. त्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. माझा मुलगा समोर खुर्चीवर बसलेला, पण विचारलं सुनेला, “म्हणजे, बाबा घरीच असतात का?” ती हो म्हणाली. “आणि तुम्हीपण काही करत नाही? दोघंही घरीच? मग चालतं कसं?” आणि माझ्याकडे वळून हसून, “आजी-आजोबांवरच सगळं, नाही का?” मग फॉर्म बाजूला सारत, “आमच्याकडे जरा चांगल्या घरातली मुलं असतात हो. त्यांच्यात हा रमेल का, ते बघा.”

नातू शेजारी उभा होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. आयुष्यभर दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलले आणि तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. पोराने पहिल्या सत्राच्या पूर्ण फीचा चेक काढून टेबलावर ठेवला. चेक बघितल्याबरोबर आम्ही चांगलं घर झालो. प्रवेश मिळाला, मॅडमनी पाणीही विचारलं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. ऑगस्टमध्ये पंधरा तारखेच्या नाचाच्या ड्रेसचे पैसे गोळा करायला त्याच मॅडम यादी घेऊन वर्गात आल्या. माझ्या नातवाचं नाव आल्यावर म्हणाल्या, “तुझं राहू दे. तुझ्या बाबांना अजून जॉब नाही ना? घरी विचारून ये आधी.” चाळीस मुलांसमोर. पैसे त्याच्या कंपासपेटीत होते. सूनबाईने सकाळी घडी घालून ठेवले होते. ते तो संध्याकाळी तसेच परत घेऊन आला आणि आईला म्हणाला, आज गोळा केलेच नाहीत.

आम्हाला कळलं ते आठवड्याने, रिक्षावाल्या काकांकडून. ते सहज म्हणाले, “आजी, साहेब दुबईला कधी गेले? सांगितलं नाहीत.”

दुबई! आठ वर्षांच्या पोराने बापाला दुबईला पाठवून दिलं होतं. आणि बाप दारात त्याची सायकल दुरुस्त करत बसला होता.

आता माझं म्हणणं सांगते. मी १९८२ ची बी.कॉम. आहे, तेव्हा हिशोबाच्याच भाषेत सांगते. शाळेला पालकाकडून फी येणं आहे. येणं वेळेवर वसूल व्हावं ही काळजी रास्त आहे. शिक्षकांचे पगार त्यातूनच होतात, हे मला कळतं. त्यासाठी शाळेने विचारावं, “फी कधी भरणार? एकदम की हप्त्याने?” हा व्यवहाराचा प्रश्न झाला. तो पालकाला विचारावा, खोलीत विचारावा, मुलाला बाहेर बसवून विचारावा, आणि उत्तर तारखेसकट लिहून घ्यावं. पण “दोघंही घरी बसून काय करता” हा व्यवहाराचा प्रश्न नाही. त्याच्या उत्तराने शाळेच्या कीर्दीत एक पैसा जमा होत नाही. तो प्रश्न विचारण्यामागे फक्त एकच हेतू असतो, समोरच्याला त्याची जागा दाखवणं. फीच्या काळजीचा नुसता बुरखा. माझ्या पोराची फी एक दिवसही थकलेली नव्हती, तरी त्याच्या पोराचं नाव यादीतून वगळलं, यातच काय ते आलं.

आणि बेकारी म्हणजे दुर्गुण असं या लोकांना कोणी शिकवलं? आमच्या आजोबांच्या काळी पीक बुडालं तर शेतकऱ्याला आळशी म्हणत नसत, पाऊस पडला नाही म्हणत. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते. त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत, कारण गिरण्याच उरल्या नाहीत. ते सगळे काय एका रात्रीत वाईट बाप झाले? कंपनीने माणूस काढला तो तिच्या ताळेबंदासाठी काढला. त्या ताळेबंदात माझ्या मुलाच्या चारित्र्याची नोंद नाही.

“तुम्हीपण काही करत नाही” याबद्दल तर मला वेगळंच बोलायचं आहे, कारण तो दगड माझ्याही अंगावर पडला. मी तीस वर्षं आमच्या दुकानाची कीर्द-खतावणी लिहिली, विक्रीकराचे कागद केले, रात्री अकराला तेरीज जुळवून झोपले आणि जनगणनेवाला आला की ह्यांनी सांगायचं, “मंडळी काही करत नाहीत, घरीच असतात.” तोही निमूटपणे तसंच लिहायचा. हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास. २०१० साली सर्वोच्च न्यायालयासमोर अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला आला होता. तेव्हा न्यायालयाने याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काही न कमावणाऱ्यांत बसवलं होतं. न्यायालयाला जे कळलं ते शाळेतल्या मॅडमना कळू नये? त्या स्वतः सकाळी डबा करूनच आल्या असणार ना?

आता तुमच्याकडे वळते.

दुबईचं कळलं त्या दिवशी मंदिरात मी हे दोघीतिघींना सांगितलं. एक म्हणाली, “शाळा बदल.” एक म्हणाली, “तिचीही काही बाजू असेल, आपण अनेकांत मानणारे.” आणि तिसरी, जिला मी मोठ्या बहिणीसारखी मानते, ती म्हणाली, “अगं, पर्व तोंडावर आलंय. क्षमा करून टाक आणि सोडून दे.”

मैत्रिणींनो, क्षमेचा असा वापर करू नका. मला कोणी टाकून बोललं तर क्षमा करायचा अधिकार माझा, मी ती केली. ऑफिसातलं ते “आजी-आजोबांवरच सगळं” मी कधीच सोडून दिलं. पण वर्गात उभ्या राहिलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या वतीने मी परस्पर क्षमा कशी करू? त्याचं देणं-घेणं मी कसं मिटवू? उद्या ती दुसऱ्या कोणाच्या मुलाला तेच बोलेल, त्याची आगाऊ क्षमाही मीच देऊन ठेवू का? बोलायची भीती वाटते आणि त्या भीतीला आपण क्षमेचं पातळ नेसवतो, एवढंच. अनेकांताचंही तेच. दुसरी बाजू असेल तर ती जाऊन ऐकायला हवी, घरी बसून कल्पना करून नव्हे. शाळा बदलायची तर मुलाने काय शिकावं? की आपल्या बापाची लाज खरी होती, म्हणून पळालो?

मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. पोरगा म्हणत होता, “आई, सोड.” त्याचा आवाज हल्ली फार हळू झाला आहे. सूनबाई म्हणाली, “आई, तुम्ही लिहा, सही मी करते.” दुकानाची वसुलीची पत्रं लिहिलेला हात आहे माझा. शिवी नाही, उपदेश नाही, ‘भावना दुखावल्या’ नाही. पत्र मुख्याध्यापिकांना, त्या मॅडमना नव्हे. कोणत्या दिवशी, कोणत्या वर्गात, कोणते शब्द बोलले गेले, ते जसेच्या तसे. खाली तीन मागण्या: ड्रेसचे, सहलीचे, कसलेही पैसे मुलांसमोर नाव घेऊन मागू नयेत, फीबद्दल जे विचारायचं ते पालकांना लेखी विचारावं, आणि आई-वडिलांच्या नोकरीचा उल्लेख मुलाजवळ कोणीही करू नये. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आले. शिपाई म्हणाला, “शिक्का कशाला, मी देतो ना मॅडमना.” मी म्हटलं, “बाळा, पोच घेतल्याशिवाय मी कधी हुंडीसुद्धा दिली नाही.”

पत्रात कायदाही घातला होता, कारण कायदा वाचायला डिग्री लागत नाही, चष्मा लागतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारायला तर बंदी आहेच, मानसिक छळालाही आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आई-वडिलांची चाळणी लावता येत नाही. मुलाला चाळणी लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतर दरवेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. नोकरी काय करता एवढं नुसतं विचारलं म्हणून ती चाळणी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या उत्तरावरून हे मूल घ्यायचं आणि ते नाही असं ठरवलं, तर होते. शाळेने ऐकलं नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पुढे राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं.

इथे एक कडू गोष्ट. हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने आपल्या जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं होतं. आपल्या समाजाच्या शाळा आहेत, तुमच्यापैकी काहींचे यजमान त्यांच्या मंडळांवर आहेत. कायद्याचा दंडुका नसेल तिथे तरी आपल्या शाळांच्या ऑफिसात कोण कसं बोलतं, हे एकदा जाऊन ऐका. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच समाजातले, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. त्यांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावं पालथी घातली. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग चालवलं. तिथे ज्यांच्या बापांकडे काही नव्हतं अशीच पोरं जातपात सोडून एका पंगतीत जेवत होती. एकदा बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तर लक्ष्मीबाईंनी, आपल्यासारख्याच एका श्राविकेने, गळ्यातलं मंगळसूत्र मोडायला दिलं. त्यांनी ‘चांगल्या घरातली मुलं’ शोधत बसायचं ठरवलं असतं तर आपल्या भागात किती लोक आज सही करू शकले असते?

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्या मॅडमही होत्या. मी त्यांची बाजू ऐकली, खरंच ऐकली. फीच्या थकबाकीची यादी दर शनिवारी त्यांना वर द्यावी लागते. यादी लांबली की बोलणी त्यांना बसतात. त्या कंत्राटावर आहेत, त्यांची नोकरी दर जूनला नव्याने ठरते. गेल्या वर्षी दोन पालक पैसे बुडवून गाव सोडून गेले, ते त्यांच्या माथी बसलं. हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, “बाई, तुमची स्वतःची नोकरी दर जूनला टांगणीला असते. मग माझ्या मुलाचं दुःख तुमच्याइतकं कोणाला कळायला हवं होतं?” त्या काही बोलल्या नाहीत. खाली बघत राहिल्या. माफी मागितली नाही. मुख्याध्यापिकांनी पहिल्या दोन मागण्या लिहून मान्य केल्या. तिसरीबद्दल “तोंडी सूचना देऊ” म्हणाल्या. मी म्हटलं, तीही लेखी द्या. अजून आलेली नाही.

घरी येताना माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. लिहिते.

मेमध्ये पोरगा आला तेव्हा रोज सकाळी नऊला अभिषेकाला जायचा. लहानपणापासूनची आवड. पंधरा दिवसांनी तो पहाटे साडेपाचला जायला लागला. मला वाटलं, धर्म वाढला. मग एकदा सूनबाईने सांगितलं, की नऊ वाजता मंडपात बसलेल्या आपल्या बायका रोज विचारतात, “काय रे, रजा आहे? अजून रजाच? वर्क फ्रॉम होम का?” आणि एकीने, तिने हे वाचलं तर तिला कळेल, त्याच्या हातात कलश असताना विचारलं, “मग सध्या घरीच का?”

सांगा, शाळेतल्या मॅडममध्ये आणि आपल्यात फरक काय? त्यांना निदान यादी द्यावी लागते. आपल्याला कोणती यादी द्यायची असते? मुलींच्या स्थळांच्या कागदांवर आपण पॅकेज आधी वाचतो आणि गोत्र नंतर. पाठशाळेत आठ मद पोरांकडून पाठ करून घेतो. त्यात ऋद्धीचा मद येतो, आणि घरी येऊन विचारतो, “तुझ्या मैत्रिणीचे बाबा काय करतात गं?” रत्नकरंड श्रावकाचार चातुर्मासात आपण सगळ्यांनी ऐकला. डळमळणाऱ्याला पुन्हा धर्मात स्थिर करणं म्हणजे स्थितिकरण, ते सम्यग्दर्शनाचं अंग. आणि आपण एका धडधाकट, भक्तीने येणाऱ्या मुलाला प्रश्न विचारून विचारून अंधारात मंदिरात यायला लावलं. माझीही सुटका नाही. त्या मुलाला फॉर्मवर ‘बिझनेस’ लिहायला सांगणारी मीच. नातवाने दुबई शोधली ती हवेतून नव्हे. आजीने आदल्या दिवशी टेबलावर जे सुचवलं, ते त्याने पूर्ण केलं.

माझे वडील एका अडत दुकानात दिवाणजी होते. १९७२ च्या दुष्काळात बाजारात माल येईना, मालकांनी माणसं कमी केली, त्यात ते गेले. मी सहावीत. घरात मिलोच्या लाल भाकरी. आईने सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर बाबा गावाला गेलेत म्हणायचं. पाहा, दुबईचं गाव आमच्या घरात तेव्हापासूनचं आहे. त्या वर्षी शाळेची पन्हाळ्याची सहल निघाली. आमच्या बाईंनी सगळ्या मुलींना एकेक पाकीट दिलं, म्हणाल्या, पैसे यात घालून, चिकटवून, वर नाव न लिहिता माझ्या टेबलावर ठेवा. माझ्या पाकिटात मी वहीचा कोरा कागद घडी घालून ठेवला. पाटीवर लावलेल्या सहलीच्या यादीत माझं नाव होतं. बाईंनी मला त्याबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही, नंतर मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाल्यावर पेढे द्यायला गेले तेव्हाही नाही. नाव न लिहिलेल्या त्या पाकिटांत रिकामं कोणाचं, हे त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. पन्हाळ्यावर मी सज्जाकोठीच्या वर उभी राहून वारा खाल्ला, एवढं आठवतं.

मुख्याध्यापिकांना मी ही पाकिटांची गोष्ट सांगितली. गॅदरिंगच्या पैशांना तसं करून बघू म्हणाल्या. बघू.

नातवाशी बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याला रागावले नाही. मी त्याला माझी गोष्ट सांगितली, कोऱ्या कागदाची, आणि फॉर्मवर काय लिहायला सांगत होते तीही. त्याने विचारलं, “म्हणजे आज्जी, तूपण खोटं बोललीस?” मी म्हटलं, बोलायला निघाले होते, तुझ्या बाबांनी अडवलं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, रिक्षावाल्या काकांना आता काय सांगायचं. मी म्हटलं, तूच ठरव. दुसऱ्या दिवशी काकांनीच मला हसत सांगितलं, “साहेब दुबईहून आले म्हणे, आणि आता गणित शिकवतात.” म्हणजे अर्धं अजून शिल्लक आहे. चालेल. गणित तरी खरं आहे, रोज संध्याकाळी सातला चालतं, आणि ओरडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो.

पोराच्या दोन मुलाखती झाल्या आहेत, एकीचं उत्तर यायचं आहे. उद्यापासून नऊच्या अभिषेकाला मी त्याच्याबरोबर येणार आहे. ज्या कोणी मंडपात बसलेल्या असाल त्यांनी जय जिनेंद्र म्हणावं. फीचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर आहे. पावती घ्यायला मीच जाईन, आणि ती तिसरी लेखी सूचना आली का, तेही विचारून येईन. मेतकूट पुढच्या वेळी नक्की.